मंडळाची घटना तिथे चालणार नाही: कंबोडियन संस्थांना मदत करणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी कुणी सीपीए, कुणी वकील, कुणी आयटीत. मंडळाच्या कार्यकारिणीत दोन-तीन वर्षं काढलेली. गणपतीचा हॉल ठरवण्यापासून वर्षअखेरच्या हिशेबापर्यंत सगळं हाताखालून गेलेलं. अशात लाँग बीच, लोवेल किंवा स्टॉकटनमधली ख्मेर, म्हणजे मूळ कंबोडियन, पोरं ऑफिसच्या ओळखीतून तुम्हाला गाठतात: ‘आमच्या लोकांची बाजू मांडणारी संस्था काढायचीय, कागदपत्रांचं बघाल का?’ तुम्ही मनापासून हो म्हणता आणि त्याच रात्री मंडळाची घटना, म्हणजे बायलॉज, ईमेलला जोडून पाठवून देता, ‘नाव बदलून वापरा’ म्हणून.

हे पत्र त्या ईमेलच्या आधी वाचा. आम्ही काही जण अशा संस्थांचे हिशेब, अर्ज आणि भाषांतरं बघतो. आपण व्हिसावर, डिग्री घेऊन आलो. ते थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांतून आले, घरातली शिकलेली माणसं मागे पुरून. आपली मंडळं सणासुदीसाठी जमली. त्यांना सरकारदरबारी भांडायला संस्था हवी आहे. साचा आपलाच वापरला की ती मोडते, आणि दर वेळी त्याच चार-पाच जागी मोडते.

सुरुवात नावापासून. ख्मेरमध्ये संघटनेला ‘अंगकार’ म्हणतात. आपलेच ‘अंग’ आणि ‘कार’. १७ एप्रिल १९७५ ला राजधानी नोम पेन्ह घेणाऱ्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने स्वतःला हेच नाव लावलं होतं. ‘अंगकारने शिकायला बोलावलंय’ असा निरोप आलेला माणूस बहुधा परत येत नसे. ७ जानेवारी १९७९ पर्यंत, म्हणजे पावणेचार वर्षांत, अंदाजे १७ ते २० लाख माणसं गेली. साधारण दर चार-पाच जणांमागे एक. कंबोडियात आजही एनजीओला अंगकारच म्हणतात, तिथल्या तरुणांना त्यात काही वाटत नाही. पण अमेरिकेत सत्तरीच्या आजीला फोन करून ‘आम्ही अंगकारकडून बोलतोय’ म्हणालात तर फोन ठेवला जाईल. त्यांच्याकडे दुसरा शब्द आहे, ‘समाकुम’. मूळ शब्द समागम. मराठीत त्याचे काय हाल झालेत ते सोडा, ख्मेरमध्ये तो साध्या असोसिएशनचा शब्द आहे. नावाच्या ख्मेर पाटीवर तोच घ्या.

नावानंतर यादी. आपल्याला सवय असते की पहिल्याच कार्यक्रमात टेबलावर फॉर्म ठेवायचा: नाव, पत्ता, जन्मतारीख, शिक्षण, व्यवसाय, कुटुंबातली माणसं. ख्मेर रूजनेही लोकांकडून नेमकं हेच लिहून घेतलं होतं. बाप काय करायचा, शाळा कितवीपर्यंत, आधीच्या लोन नोल सरकारच्या फौजेत कुणी होतं का. खरं लिहिलं म्हणून शिक्षक, सैनिक, कारकून वेचले गेले. म्हणून पहिल्या वर्षी कागदावर तीनच रकाने ठेवा: हाक मारायचं नाव, फोन, आणि निरोप बोलून हवा की लिहून. निधी देणाऱ्याला उत्पन्नाचा आकडा हवाच असेल तर तो वेगळ्या बैठकीत, तोंडी, ‘अमुक ते अमुक’ अशा टप्प्यात विचारा आणि नावाशेजारी लिहू नका. यादी कुठे राहणार आणि कोण बघणार हे आधी सांगा. ‘लोक सहभागी होत नाहीत’ असा शेरा निधी-समितीच्या कागदावर बसतो, त्यामागे बऱ्याचदा हा फॉर्म असतो.

नावांचा आणखी एक घोळ बँकेत उघडा पडतो. ख्मेर पद्धतीत घराणं आधी, नाव नंतर. निर्वासित म्हणून नोंद होताना कुणाचं उलटं लिहिलं गेलं, कुणाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचं. जन्मतारीख आठवत नव्हती म्हणून कित्येकांची १ जानेवारी टाकली गेली. पाच संचालकांपैकी तिघांची जन्मतारीख १ जानेवारी दिसली की बँकेतला माणूस भुवया उंचावतो. उपाय साधा आहे: ठरावात, बँकेत आणि राज्याच्या नोंदणीत नाव ड्रायव्हिंग लायसन्सवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर. पुढे सरकारी निधीसाठी सॅम-डॉट-गव्हवर नोंदणी करावी लागते, तिथे संस्थेचं नाव आणि पत्ता आयआरएसच्या, म्हणजे कर खात्याच्या, नोंदीशी जुळला नाही तर अर्ज आठवडे लटकतो. ‘असोसिएशन’च्या जागी ‘असोसि.’ एवढा फरकही पुरतो.

आता घटना. आपल्या मंडळात सभासद असतात, दरवर्षी निवडणूक होते, वर्गणी भरलेल्या प्रत्येकाला मत असतं. ही घटना जशीच्या तशी उचलली की कॅलिफोर्नियात मतदानाचा हक्क असलेले ते सगळे कायद्याच्या अर्थाने सभासद ठरतात. त्यांना सूचना देणं, यादी दाखवणं, संचालक निवडू देणं बंधनकारक होतं. मग एका गटाने निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात पन्नास जणांची वर्गणी भरली की संस्था हातची जाते, आणि दुसरा गट कोर्टात जातो. हे होण्यामागे स्वभावदोष नाही, इतिहास आहे. १९७९ नंतर सीमेवरच्या छावण्याच वेगवेगळ्या फौजांच्या ताब्यात होत्या. राजेशाहीवाले वेगळे, प्रजासत्ताकवाले वेगळे. त्याच रेघा घेऊन माणसं कॅलिफोर्नियात आणि मॅसॅच्युसेट्समध्ये उतरली. निव्वळ ७ जानेवारी, व्हिएतनामी फौजेने ख्मेर रूजला हटवलं ती तारीख घ्या: एकाला ती सुटकेची, दुसऱ्याला व्हिएतनामच्या कब्जाची. तेव्हा घटनेत सरळ लिहा की संस्थेला मतदार सभासद नाहीत, संचालक मंडळच पुढचे संचालक नेमेल. लोकांना सल्लागार गट, जाहीर सभा, काय हवं ते द्या. संस्थेच्या मालकीचं मत पहिली पाच वर्षं देऊ नका. आपल्या लोकशाहीप्रेमी मनाला हे खटकतं, आम्हालाही खटकलं होतं.

संचालक सात पुरेत. पंधरा मान्यवर घेतले की कोरम होत नाही. आणि संचालक निवडताना नातं बघा. कॅलिफोर्नियात संस्थेकडून पगार किंवा मोबदला घेणारे आणि त्यांचे भाऊबहीण, आईवडील, मुलं, नवराबायको, सासर-माहेर हे सगळे मिळून मंडळात ४९ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत. ख्मेर समाजात विश्वास नात्यावरच उभा असतो, त्यामुळे पहिलं मंडळ म्हणजे बहुधा दोन कुटुंबं. त्यातल्या एका मुलीला कार्यकारी संचालक म्हणून पगार सुरू झाला की हा नियम तुटतो, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही.

बैठकीचंही आपल्यासारखं नाही. ख्मेर माणूस समोरच्याला वयाने हाक मारतो: बोंग म्हणजे दादा किंवा ताई, पू म्हणजे काका, मिंग म्हणजे मावशी, आईबापापेक्षा मोठा असेल तर ओम. पंचविशीची अध्यक्षा एखाद्या ओमना ‘आपला वेळ संपला’ म्हणूच शकत नाही. ओमही उघड विरोध करणार नाहीत. मान हलवतील आणि पुढच्या बैठकीला येणार नाहीत. म्हणून ठराव मांडण्याआधी प्रत्येक ज्येष्ठाला घरी जाऊन भेटणं हाच खरा अजेंडा, बैठक ही नुसती सही. वेळ ठरवताना हेही लक्षात ठेवा की कॅलिफोर्नियातली डोनटची कितीतरी दुकानं ख्मेर कुटुंबांची आहेत आणि त्यांचा दिवस मध्यरात्रीनंतर लगेच सुरू होतो. संध्याकाळी सातची झूम मीटिंग ही त्यांची झोपेची वेळ. रविवारी विहारात, भिक्खूंचं जेवण झाल्यावर, माणसं सापडतात. मात्र विहार म्हणजे अख्खा समाज नव्हे: चाम मुस्लिम आणि ख्रिस्ती झालेले ख्मेर तिथे येत नाहीत, त्यांच्याकडे वेगळं जावं लागतं. आणि एका गावात दोन विहार असतील तर पहिल्या महिन्यात दोन्हीकडे जा.

कागदपत्रांचा क्रम तुम्हाला माहीत असेल, पण ठेचा कुठे लागतात ते सांगतो. कॅलिफोर्नियात आर्टिकल्स, म्हणजे स्थापनेचा दस्त, दाखल करायला ३० डॉलर लागतात. ९० दिवसांत स्टेटमेंट ऑफ इन्फर्मेशन, त्याचे २० डॉलर, आणि ते दर दोन वर्षांनी. पहिला पैसा किंवा मालमत्ता हातात आल्यापासून ३० दिवसांत ॲटर्नी जनरलच्या धर्मादाय रजिस्ट्रीत नोंद. ही पायरी हमखास विसरली जाते. ईआयएन, म्हणजे आयआरएसचा संस्था-क्रमांक, फुकट मिळतो. तो काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांना हाकला. मग ५०१-सी-३, म्हणजे धर्मादाय संस्थेच्या करमाफीसाठी आयआरएसचा अर्ज. छोटा फॉर्म, १०२३-ईझेड, २७५ डॉलरचा. मोठा १०२३, ६०० डॉलरचा. पुढच्या तीनपैकी कुठल्याही वर्षी ५० हजार डॉलरपेक्षा जास्त जमा होईल असा अंदाज असेल तर छोटा फॉर्म भरता येत नाही. पोरं ३२५ डॉलर वाचवायला छोटा भरतात आणि त्याच महिन्यात एखाद्या फाउंडेशनकडे ७५ हजारांचा प्रस्ताव पाठवतात. दोन कागद एकमेकांना खोटं पाडतात. अर्ज स्थापनेपासून २७ महिन्यांत गेला तर सूट स्थापनेच्या दिवसापासून लागू होते.

‘बाजू मांडणं’ हेच काम असल्यामुळे आणखी एक पानभर फॉर्म लागतो, आणि तो जवळजवळ कुणी भरत नाही: ५७६८. तो भरला की कायद्यांच्या बाजूने किंवा विरोधात लॉबिंग करायला किती खर्च चालेल याला आकडा मिळतो. पहिल्या पाच लाख डॉलरपर्यंतच्या खर्चाच्या २० टक्के, आणि त्यातला चौथाई भाग लोकांना ‘तुमच्या आमदाराला फोन करा’ असं सांगण्यावर. म्हणजे वर्षाचा खर्च एक लाख असेल तर २० हजार, त्यातले ५ हजार लोकांमार्फत. हिशेब खर्चाचा असतो, त्यामुळे बिनपगारी स्वयंसेवकांचा वेळ त्यात धरत नाहीत. फॉर्म न भरल्यास ‘फार मोठा भाग नको’ अशी गुळमुळीत कसोटी लागते आणि घाबरून संचालक मंडळ काहीच करत नाही. उमेदवाराचा प्रचार मात्र कुठल्याच फॉर्मने चालत नाही.

पण त्याशिवायही बरंच करता येतं. लोवेलमध्ये आशियाई आणि लॅटिनो मतदारांनी २०१७ मध्ये सगळं शहर मिळून नगरसेवक निवडायच्या पद्धतीविरुद्ध फेडरल कोर्टात दावा लावला. २०१९ मध्ये तडजोड झाली, वॉर्ड आले, आणि जानेवारी २०२२ मध्ये सोखारी चाऊ हे अमेरिकेतले पहिले कंबोडियन-अमेरिकन महापौर झाले. लाँग बीचमध्ये अनाहाइम स्ट्रीटवरची वस्ती, जिला २००७ मध्ये कंबोडिया टाउन हे अधिकृत नाव मिळालं, चार वॉर्डांत चिरलेली होती. २०२१ च्या नव्या नकाशात ती बरीचशी एकत्र आली. वॉर्डांच्या नकाशाच्या सुनावणीत ‘आमची संस्कृती जपा’ म्हणून उपयोग नसतो. नकाशावर रस्त्यांची नावं लिहून द्यायची: विहार इथे, किराणा इथे, मुलांची शाळा इथे, दवाखान्याची बस इथून. दोन मिनिटांत एवढंच बसतं.

मायदेशाच्या राजकारणाचं जरा जपून. २०१२ मध्ये स्थापन झालेला मुख्य विरोधी पक्ष तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १६ नोव्हेंबर २०१७ ला विसर्जित केला, तेव्हापासून त्याचं बरंच राजकारण परदेशातच चालतं. पाहुणे नेते येतात, हॉल भरतो, संस्थेच्या बॅनरखाली भाषण होतं. १९३८ च्या फॉरेन एजंट्स कायद्यात परदेशी सरकारासारखाच परदेशी राजकीय पक्षही मोडतो. त्याच्या सांगण्यावरून अमेरिकेत राजकीय काम केलं तर नोंदणी करावी लागते. त्याहून मोठी भीती घरच्यांची. थिअरी सेंग या कंबोडियन-अमेरिकन वकील बाईंना जून २०२२ मध्ये नोम पेन्हच्या कोर्टाने सहा वर्षांची शिक्षा दिली. हे बघितलेला माणूस निवेदनावर सही करत नाही, कारण त्याची बहीण कंबोडियात, बट्टमबांगला राहते. पहिल्याच बैठकीत लेखी ठरवा: संस्था अमेरिकेतल्या ख्मेरांच्या प्रश्नांवर बोलेल की कंबोडियातल्याही. दोन्ही करायचं असेल तर संस्था दोन काढा.

सगळ्यात नाजूक जागा हद्दपारीची. आपल्याकडे ग्रीन कार्ड मिळालं की गंगेत घोडं न्हालं. त्यांच्याकडे तसं नाही. १९९६ च्या कायद्यांनी ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’ची, म्हणजे हद्दपारीला पुरणाऱ्या गंभीर गुन्ह्याची, व्याख्या एवढी रुंद केली, आणि तीही मागच्या तारखेपासून, की चोरी किंवा मारामारीत एक वर्षाची शिक्षा, भले ती स्थगित असो, ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढायला पुरते. ३६५ दिवस झाले तर गेला, ३६४ असते तर वाचला असता. कॅलिफोर्नियाने २०१५ पासून किरकोळ गुन्ह्यांची कमाल शिक्षा ३६४ दिवस केली ती याचसाठी. मार्च २००२ मध्ये कंबोडियाने माणसं परत घ्यायचा करार केला आणि जूनमध्ये पहिले सहा जण पाठवले गेले. तेव्हापासून गेलेल्यांत थाई छावणीत जन्मलेले, कंबोडियाची माती कधी न पाहिलेलेही आहेत.

इथे चांगल्या मनाच्या स्वयंसेवकाकडून सर्वांत वाईट चूक होते. नागरिकत्वाचं शिबिर लावतात, विहाराच्या हॉलमध्ये टेबलं मांडतात, एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज भरून देतात. ‘कधी अटक झाली होती का?’ हा प्रश्न पोरगी आईच्या समोर काकांना विचारते. काका ‘नाही’ म्हणतात. बोटांचे ठसे गेले की १९९४ ची केस वर येते, आणि नागरिक व्हायला गेलेला माणूस हद्दपारीच्या नोटिशीसह परततो, वर खोटं लिहिल्याचा ठपका. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी पडद्याआड, वकिलासमोर, एकच प्रश्न; उत्तर हो असेल तर त्या दिवशी कुठलाही फॉर्म नाही, फक्त कोर्टाची फाइल मागवायची. वकील नसेल तर न्याय विभागाची मान्यता असलेला प्रतिनिधी हवा, आणि त्याच्या संस्थेलाही ती मान्यता लागते. टायपिंग आणि भाषांतर तुम्ही करा. ‘हा रकाना असा भरा’ हे सांगणं कायदेशीर सल्ल्यात जातं. कॅलिफोर्नियात २०१७ पासून दंडसंहितेच्या कलम १४७३.७ खाली, हद्दपारीचा परिणाम न कळता दिलेली जुनी कबुली रद्द करायला अर्ज करता येतो. त्याला कबुलीच्या दिवसाची कोर्टातली नोंद लागते, दुभाषा होता का हे बघायला.

ज्येष्ठांसाठी सोपी वाट आहे ती मात्र सोडू नका: वय ५० आणि ग्रीन कार्डला २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ, नागरिकशास्त्र ख्मेरमध्ये देता येतं. आघातामुळे तेही जमत नसेल तर डॉक्टर किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने भरलेला एन-६४८, म्हणजे परीक्षेतून सूट मागणारा वैद्यकीय फॉर्म. लाँग बीचमधल्या निर्वासितांवर २००५ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात ६२ टक्के लोकांना पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक विकार, होता, हे त्या डॉक्टरांनाही सांगावं लागतं.

निधी-समितीवर बसणाऱ्यांना दोन ओळी. ‘एशियन’ या रकान्याची सरासरी बघून ‘गरज दिसत नाही’ लिहू नका. त्या सरासरीत आपले पगार आहेत. जनगणना विभागाच्या बी-०२०१५ तक्त्यात कंबोडियन वेगळे मोजलेले आहेत, पाच वर्षांच्या आकड्यांत बघा. आणि खर्च आधी करा, बिल मग पाठवा असा करार नव्या संस्थेशी करू नका. तीन महिने पगार थकले की कार्यकारी संचालक डोनटच्या दुकानात परत जाते.

आयटीवाल्यांनो, ख्मेर पत्रक छापण्याआधी तुमचा श्रीलिपीचा जमाना आठवा. त्यांच्याकडे तसाच युनिकोडपूर्वीचा लिमोन फॉन्ट होता. जुनी पत्रकं त्यातच अडकली आहेत, युनिकोडमध्ये चिकटवली की कचरा होतो. ख्मेरमध्ये शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे ओळ कुठे तोडायची हे बऱ्याच सॉफ्टवेअरला नीट कळत नाही. शब्दांच्या मधे न दिसणारी शून्य-रुंदीची जागा टाकावी लागते. अक्षराखाली जोडाक्षराचं दुसरं अक्षर लटकतं, म्हणून ओळींतलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरची ओळ खालचीत घुसते. पीडीएफ छापखान्यात पाठवण्याआधी ख्मेर वाचणाऱ्या माणसाने कागदावर बघायलाच हवं. आणि गावाकडून आलेल्या कित्येक आज्यांना ख्मेरही वाचता येत नाही. त्यांना ४० सेकंदांचा व्हॉइस मेसेज पाठवा, नातीच्या आवाजातला.

शेवटचं, कॅलेंडर. आपल्या पितृपक्षाच्या सुमारास त्यांचा पितरांचा पंधरवडा, प्चुम बेन, येतो. ‘बेन’ म्हणजे पिंडच, आणि भाताचे गोळे तेही देतात. त्या पंधरवड्यात बैठक नको, पण विहारात टेबल जरूर लावा. एप्रिलच्या मध्यावर नवं वर्ष, आणि लगेच १७ एप्रिल, त्या दिवशी कसलाही जल्लोष नको. डिसेंबरला वर्ष संपणाऱ्या संस्थेचं ९९०-एन, म्हणजे छोट्या संस्थांचं आयआरएसकडचं वार्षिक विवरण, १५ मेपर्यंत भरायचं असतं. सलग तीन वर्षं चुकलं की सूट आपोआप रद्द होते. एप्रिल असा गेला की मेमध्ये खजिनदार सापडत नाही. ते मार्चमध्येच, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरून टाका.

आपले,
कंबोडियन संस्थांच्या कागदपत्रांचं आणि हिशेबाचं काम बघणारे काही मराठी सहकारी